सीताबर्डीपाशी थांबलेला इतिहास

(नागपुरात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

पत्रिकेवर ‘आप्पासाहेब भोसले आणि १८१७-१८’ असा विषय छापलाय, त्यामुळे बरेच जण सीताबर्डीची लढाई ऐकायच्या तयारीने आले असणार. लढाई सांगतो, पण थोडक्यात. मला आज बोलायचंय ते त्या वर्षाबद्दल झालेल्या लेखनावर. कोणी लिहिलं, कुठे बसून लिहिलं, आणि ते वाचून आपण त्यातलं काय उचललं नि काय सोडून दिलं. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे कोणाला मधेच उठून बस गाठायची असेल तर अडचण नको. नागपूरच्या राज्यावरचं खरं संकट सीताबर्डीच्या लढाईने सुरू झालं. त्यानंतर सव्वा वर्ष ते चांद्यात, वैनगंगेच्या काठाला, महादेवाच्या डोंगरात चालू होतं. आणि आपल्या बहुतेक पुस्तकांत या सव्वा वर्षाला एखाद-दुसरा परिच्छेद मिळतो, ‘गोंडांची बंडाळी’ अशा मथळ्याखाली. हा मथळा आपण रेसिडेन्सीतून उसना आणलाय, आणि दोनशे वर्षं झाली तरी परत केलेला नाही.

आधी घटनाक्रम. जाणत्यांनी दोन मिनिटं सोसावं.

दुसरे रघूजी २२ मार्च १८१६ ला वारले. १८०३ च्या देवगावच्या तहात कटक गेलं, वऱ्हाड गेलं, पण तैनाती फौज काही या माणसाने शेवटपर्यंत दारात येऊ दिली नाही. मुलगा परसोजी गादीवर आला. तो शरीराने आणि बुद्धीने इतका अधू होता की कारभार दुसऱ्या कोणीतरी पाहावा लागणार हे उघड होतं. मग कोणी? एकीकडे रघूजींच्या राणी बाकाबाई आणि खजिन्यावर बसलेले धर्माजी भोसले. दुसरीकडे परसोजीचा चुलतभाऊ आप्पासाहेब, म्हणजे व्यंकोजींचा मुलगा मुधोजी. धर्माजी मारले गेले, आप्पासाहेब कारभारी झाले. पण नुसत्या घरातल्या पाठिंब्यावर त्यांचा भरवसा नव्हता. त्यांनी रेसिडेन्सीचा आधार घेतला आणि २७ मे १८१६ ला, म्हणजे चुलते जाऊन दोन महिने होतात न होतात तोच, तैनाती फौजेचा तह केला. वर्षाला साडेसात लाख रुपये, आणि बाहेरच्या कोणाही सत्तेशी परस्पर बोलणं बंद. हे नीट लक्षात ठेवा. पुढे ज्यांना आप्पासाहेबांचा थेट स्वातंत्र्यवीर करायचा असतो ते हे पान पटकन उलटतात.

१ फेब्रुवारी १८१७ ला सकाळी परसोजी अंथरुणात मेलेला सापडला. आप्पासाहेब तेव्हा चांद्याला होते. एप्रिलमध्ये ते गादीवर बसले आणि रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्स याने त्यांना राजा म्हणून मान्यता दिली. नोव्हेंबरात पुण्याला खडकीची लढाई झाली, ५ तारखेला. पुण्याची रेसिडेन्सी जळाली. तरीही २४ नोव्हेंबरला आप्पासाहेबांनी पेशव्याकडून आलेली खिलत, जरीपटका आणि सेनापतिपद जाहीर समारंभ करून स्वीकारलं. समारंभाचं आमंत्रण खुद्द जेन्किन्सलाही होतं. तो अर्थातच गेला नाही.

२६ नोव्हेंबरच्या संध्याकाळी सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर गोळीबार सुरू झाला. तो रात्रभर चालून दुसऱ्या दिवशी दुपारी थांबला. कंपनीची माणसं चौदाशेच्या आसपास, कर्नल स्कॉटच्या हाताखाली. भोसल्यांची फौज सुमारे अठरा हजार, छत्तीस तोफा, त्यात तीन-चार हजार अरब. सकाळी अरबांनी धाकटी टेकडी घेतली, तेव्हा कंपनीचं संपलंच होतं जवळजवळ. मग कॅप्टन फिट्झजेराल्डच्या घोडेस्वारांनी खाली मैदानात चढाई केली, टेकडीवर दारूगोळ्याचा स्फोट झाला आणि बाजू फिरली. कंपनीचे ३६७ मेले नि जखमी झाले. दर चार माणसांमागे एक.

एक गोष्ट जाता जाता. लढाई ‘सीताबर्डीच्या किल्ल्यावर’ झाली असं सर्रास म्हणतात. तेव्हा किल्ला नव्हता. दोन उघड्या टेकड्या होत्या. किल्ला नंतर इंग्रजांनी बांधला, टेकड्या ताब्यात आल्यावर. वर्षातून मोजक्या दिवशी तो लोकांसाठी उघडतात, तेव्हा आपण रांग लावून जातो आणि भोसल्यांचा किल्ला पाहून आलो असं घरी सांगतो. (हशा) हसू नका, मीही जातो. पण मुद्दा आहे. जिंकणाऱ्याने जिथे आपली आठवण बांधून ठेवली, तिथेच आपलीही आठवण जाऊन उभी राहते.

आता लेखनाकडे.

या वर्षाचं एक सविस्तर छापील वर्णन व्हॅलेंटाइन ब्लॅकरचं, १८२१ चं. तो मद्रास फौजेचा क्वार्टरमास्टर जनरल. त्याचा ग्रंथ लष्करी आहे. नकाशे, तुकड्या, मृत-जखमींचे तक्ते. मग १८२५ मध्ये हेन्री प्रिन्सेपचा ग्रंथ, हेस्टिंग्जच्या कारकिर्दीचा. प्रिन्सेप सरकारी अधिकारी, आणि हेस्टिंग्जने जे केलं ते बरोबरच केलं हे दाखवणं हा ग्रंथाचा हेतू. तो काही तो लपवतही नाही. आणि १८२७ मध्ये खुद्द जेन्किन्सचा नागपूरच्या मुलखावरचा अहवाल. जमीन, नद्या, जाती, महसूल, न्याय, आणि मधे राजघराण्याचा इतिहास.

जेन्किन्सचा अहवाल मी पुष्कळदा वाचलाय, आणि स्पष्ट सांगतो, पुस्तक उत्तम आहे. नागपूर राज्याच्या महसुलाबद्दल, गावकीबद्दल त्यात जे सापडतं ते दुसरीकडे सापडत नाही. माणूस हुशार, मेहनती, आणि सुमारे वीस वर्षं इथे काढलेला. पण जरा त्याच्या खुर्चीकडे बघा. आप्पासाहेबांशी तह केला याने. त्यांना राजा मानलं याने. सीताबर्डीवर त्यांच्याशी लढला हाच. जानेवारी १८१८ ला त्यांना परत वाड्यात बसवलं याने, आणि मार्चमध्ये कैदही केलं यानेच. नंतर अज्ञान राजाच्या नावाने आठ वर्षं राज्य चालवलं, तेही याने. आणि हे सगळं करून झाल्यावर त्याचा इतिहास लिहायला बसला, तोही हाच. वादी, साक्षीदार, न्यायाधीश आणि निकालपत्राचा लेखनिक, सगळे एकाच अंगरख्यात.

तुम्ही म्हणाल, ठीक आहे, इंग्रज तो इंग्रजच. आपल्याकडे बखर आहे की! आहे. काशीराव राजेश्वर गुप्ते यांची नागपूरकर भोसल्यांची बखर. पुढे यादव माधव काळ्यांनी ती संपादित केली. भाषा झकास, दरबारची माहिती आतली. पण ती लिहिली कोणाच्या सांगण्यावरून? रेसिडेंट जेन्किन्सच्या. म्हणजे आपण ज्याला ‘इंग्रजी बाजू’ आणि ‘मराठी बाजू’ म्हणतो, त्या दोन विहिरींना पाणी एकाच झऱ्याचं आहे. यावरून गुप्त्यांनी खोटं लिहिलं असं मी म्हणत नाही. ज्या माणसाच्या हाती शहर आहे, वाडा आहे, राजाची पेन्शन आहे, त्याने सांगितलं म्हणून लिहिलेल्या कागदात काय येणार नाही, एवढाच अंदाज मी करतोय. काळ्यांचा ‘नागपूर प्रांताचा इतिहास’ १९३४ चा. त्या पुस्तकाचे उपकार आपण सगळे घेऊन बसलो आहोत, मीही. पण त्यांनाही ह्याच दोन विहिरींवर जावं लागलं.

या लेखनाने नेमकं काय केलं, ते दोन ठिकाणी दाखवतो.

पहिलं ठिकाण परसोजीच्या मृत्यूचं. आप्पासाहेबांनी परसोजीचा खून करवला हे आपण शाळेपासून ऐकत आलोय. असेलही. गादीचा फायदा त्यांनाच होता, आणि चांद्याला असणं हा काही बचाव होत नाही. असल्या कामाला माणूस गावाबाहेरच जातो. पण तारखा पाहा. मृत्यू १ फेब्रुवारी १८१७. या आरोपावर आप्पासाहेबांना कैद केलं ती तारीख १५ मार्च १८१८. मधे तेरा महिने. या तेरा महिन्यांत रेसिडेंटने त्यांना राजा मानलं, त्यांच्याशी लढाई केली, ती जिंकली, आणि ६ जानेवारी १८१८ च्या करारात त्यांना पुन्हा गादीवर ठेवलंदेखील. किंमत काय? नर्मदेकाठचा मुलूख, गाविलगड, नरनाळा, सरगुजा, जशपूर, आणि मंत्री रेसिडेंटच्या पसंतीचे. एवढं सगळं हाती आल्यावर खुनाची आठवण ठळक झाली. खटला? उघड खटला झालाच नाही. प्रिन्सेप हा पुरावा फार ठामपणे मांडतो, आणि त्याच्यामागून आलेले बहुतेक जण त्याचंच म्हणणं पुढे नेतात.

इथे समीक्षकाला एवढंच म्हणता येतं की ‘खून झाला का’ हा एक प्रश्न आणि ‘खुनाचा आरोप केव्हा कामाला आला’ हा दुसरा प्रश्न. आपल्या पुस्तकांनी पहिल्यावर खूप शाई खर्च केली, कोणी हो म्हणून, कोणी नाही म्हणून. दुसरा कोणी विचारला नाही. आप्पासाहेब दुष्ट की दुर्दैवी, एवढ्यावरच चर्चा फिरत राहिली. एका माणसाच्या स्वभावाचा वाद झाला आणि राज्य कसं गेलं हे बाजूला पडलं.

दुसरं ठिकाण माझ्या मते जास्त महत्त्वाचं. ते आहे ‘बंड’ या शब्दाचं.

१५ मार्चला राजा कैद झाला. नवा राजा, म्हणजे दुसऱ्या रघूजींचा मुलीकडून नातू, साधारण दहा वर्षांचा पोरगा, परसोजीच्या विधवेला दत्तक देऊन तिसरे रघूजी म्हणून गादीवर बसवला तो २६ जूनला. मधे १०३ दिवस गेले. या १०३ दिवसांत नागपूरच्या गादीवर कोणीही नव्हतं. आणि याच १०३ दिवसांत काय काय झालं? पेशवा बाजीराव चांद्याकडे यायला निघाला, नागपूरकरांचे गणपतराव सुभेदार आपली घोडदळाची पथकं घेऊन त्याला जाऊन मिळालेच होते. १७ एप्रिलला कर्नल ॲडम्सने बाजीरावाला पांढरकवड्याजवळ शिवणीला गाठून पिटाळलं. मग ॲडम्स चांद्यावर आला. तिथला किल्लेदार गंगासिंग. त्याने किल्ला द्यायला नकार दिला. २० मे ला तटाला खिंडार पाडून इंग्रज आत घुसले, गंगासिंग मारला गेला. चंद्रपूरचा तो तट आजही उभा आहे, त्याच्या वेशींमधून रोज बस जाते.

आता सांगा, गंगासिंग कोणाविरुद्ध बंड करत होता? त्याच्या राज्यात राजा कोण होता त्या दिवशी? ज्याच्या हुकमाने तो किल्ल्यावर होता तो राजा एकच, गादीवर बसलेला, खुद्द रेसिडेंटने मानलेला. तो आठ दिवसांपूर्वी कंपनीच्या पहाऱ्यातून निसटला होता. १३ मे च्या पहाटे, जबलपूरजवळ रायचूरच्या मुक्कामावरून. त्याला अलाहाबादच्या किल्ल्यात नेत होते. पहाऱ्यावरच्या काही शिपायांना त्याने फोडलं, शिपायाचा पोशाख चढवला आणि अंधारात निघून गेला. इंग्रजी ग्रंथांत त्या पहाटेपासून त्याचं नाव बदलतं. तो ‘माजी राजा’ होतो. त्याच्या बाजूने हत्यार धरणारा प्रत्येक जण ‘बंडखोर’ होतो. नवा राजा अजून निवडायचा आहे, पण बंडखोर तयार झालेत!

मी कायद्याचा कीस काढतोय असं वाटेल. पण हा कीस त्या काळातल्या माणसांनीच काढला होता. किल्लेदार, जमीनदार, पाटील, सगळ्यांना ठरवायचं होतं की हुकूम कोणाचा मानायचा. आता गोंदिया जिल्ह्यात असलेल्या कामठ्याचा जमीनदार चिमणा पाटील उठला, त्याच्यावर फौज पाठवावी लागली. (कामठा, कामठी नव्हे. कामठीची छावणी ही निराळी गोष्ट.) तिकडे छत्तीसगडात सोनाखानचा रामराय उठला. त्याचा मुलगा नारायणसिंह १८५७ मध्ये रायपूरला फाशी गेला, त्याचं नाव आज सगळ्या देशाला माहीत आहे. बापाचं आपल्याला माहीत नाही, आणि तो भोसल्यांच्या राज्यातला जमीनदार होता.

आणि मग महादेवाचे डोंगर. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

विदर्भातली हजारो माणसं दर शिवरात्रीला, नागपंचमीला पचमढीला जातात. मोठा महादेव, नागद्वार. खांद्यावर त्रिशूळ घेऊन दऱ्या चढतात-उतरतात. तुमच्यापैकी निम्मे तरी गेले असतील. मग तुम्हाला तो मुलूख माहीत आहे. एक डोंगर उतरला की दुसरा, पावसाळ्यात वाट सापडत नाही, आणि मलेरिया. आप्पासाहेब या डोंगरात आला मे १८१८ मध्ये. हर्रईच्या चैनशहाने त्याला आसरा दिला. आजूबाजूचे गोंड आणि कोरकू ठाकूर त्याच्या बाजूने आले. नागपुरातून अटी घालून बाहेर पडलेले अरब फिरत फिरत तिकडे जमा झाले. हे तेच अरब, ज्यांनी सक्करदऱ्याची लढाई हरल्यावरही शहर सोडलं नव्हतं. २४ डिसेंबरला जुम्मा दरवाजावर इंग्रजांनी केलेला हल्ला त्यांनी परतवला होता आणि ३० डिसेंबरला आपल्या अटी मान्य करूनच ते निघाले होते.

पावसाळा लागला आणि डोंगराखालच्या मुलखावरून कंपनीचा ताबा सुटायला लागला. जुलैमध्ये बैतूलजवळ कॅप्टन स्पार्क्सची तुकडी घेरली गेली. स्पार्क्स मारला गेला, त्याची तुकडी जवळजवळ सगळी कापली गेली. मुलताई पडली. मुलताई म्हणजे तापीचा उगम, नागपूरहून फारतर दोन-तीन दिवसांची मजल. म्हणजे सीताबर्डी जिंकून आठ महिने झाले होते आणि राजधानीपासून इतक्या जवळ कंपनीचं ठाणं टिकत नव्हतं. आप्पासाहेबाला धरून देणाऱ्याला मोठं इनाम लावलं. त्या डोंगरात कोणी पुढे आलं नाही. नऊ महिने! ज्याच्याकडे द्यायला खजिना नाही, फौज नाही, त्या माणसाला कोणी विकलं नाही. शेवटी फेब्रुवारी १८१९ मध्ये चारी बाजूंनी फौजा डोंगरात घुसल्यावर तो चितू पेंढाऱ्याबरोबर पश्चिमेला निसटला आणि शिंद्यांच्या असीरगडात शिरला. चितूला पुढे जंगलात वाघाने खाल्लं. असीरगड ९ एप्रिल १८१९ ला पडला. आत आप्पासाहेब नव्हता.

या नऊ महिन्यांना आपल्याकडे एक परिच्छेद. का?

एक कारण साधं आहे. लढाईला तारीख असते, नकाशा असतो, सुरुवात-शेवट असतो. ब्लॅकरला सीताबर्डीचा नकाशा काढता आला. बैतूलच्या जंगलातल्या चकमकींचा कसला नकाशा काढणार? १८५१ मध्ये इंग्रजांनी या जुन्या लढायांसाठी एक पदक काढलं. त्याच्यावर लढाईच्या नावाची पट्टी बसवायची. सीताबर्डीची पट्टी आहे, नागपूरची आहे, खडकीची, कोरेगावची, महिदपूरची आहे. गोंड मुलखातल्या मोहिमेची पट्टी नाही. ज्याची पट्टी निघाली त्याचं स्मारक झालं, ज्याचं स्मारक झालं त्याचा धडा झाला. आपण स्मारकाचा अर्थ उलटा केला, वीर बदलले, पण यादी त्यांचीच ठेवली.

दुसरं कारण बोलायला जड आहे, पण नागपुरात नाही बोलणार तर कुठे. मराठी इतिहासलेखनाला राजा लागतो, सरदार लागतो, पत्रव्यवहार लागतो. डोंगरातल्या ठाकुराने पत्रं ठेवली नाहीत. आणि ठाकूर गोंड होता. भोसल्यांच्या इतिहासात गोंड येतो तो सुरुवातीला, बख्त बुलंदने नागपूर वसवलं, चांद सुलतानने तट आणि जुम्मा तलाव बांधला, आपण आज ज्याला गांधीसागर म्हणतो तो. मग पहिले रघूजी येतात, आणि गोंड राजा पेन्शन घेऊन बाजूला बसतो. त्यानंतर गोंड येतो तो थेट १८१८ मध्ये, तोही गर्दी म्हणून. ‘गोंड जमले’, ‘गोंडांनी गावं जाळली’. गंगासिंगाला नाव, चैनशहाला कसंबसं नाव, बाकी सगळे अनेकवचनात.

आणि म्हणून सगळ्यात चांगला प्रश्न विचारायचा राहूनच जातो. ज्या भोसल्यांनी गोंडांचं देवगडचं राज्य घेतलं, त्याच भोसल्यांच्या पळून आलेल्या राजासाठी गोंड का लढले?

जेन्किन्सच्या वळणाचं उत्तर असं की लुटीसाठी. डोंगरी लोक, गडबड झाली की खाली उतरतात. हे उत्तर स्पार्क्सच्या तुकडीपर्यंत कदाचित चालेल, इनामापाशी ते बंद पडतं. लुटीसाठी जमलेला माणूस एवढं इनाम सोडतो का? नंतरच्या राष्ट्रवादी वळणाचं उत्तर असं की स्वराज्यासाठी, परक्याला हाकलण्यासाठी. ऐकायला गोड आहे. पण हर्रईच्या चैनशहाला नागपूरही परकंच होतं. मला वाटतं, उत्तर ६ जानेवारीच्या त्या करारात शोधावं. त्या कराराने नर्मदेकाठचा मुलूख थेट कंपनीकडे गेला. भोसल्यांच्या अमलात डोंगरातल्या ठाकुरांचं नागपूरशी नातं सैल होतं. थोडीशी टाकोळी द्यायची, बोलावलं तर यायचं, बाकी आपला डोंगर आपला. नागपूरचा दरबार ढिला होता, हीच त्याची ठाकुरांच्या दृष्टीने मोठी चांगली बाजू. कंपनीचा कारभार ढिला नव्हता. तो गावं मोजणार, वाटा मोजणार, ठाणं बसवणार हे ओळखायला फार शहाणपण लागत नाही. आप्पासाहेब त्यांच्या डोंगरात आला तेव्हा ते त्याच्यासाठी लढले असं म्हणण्यापेक्षा त्याला घेऊन लढले असं म्हणणं मला जास्त खरं वाटतं. लढाई त्यांची होती. राजा आल्याने तिला नाव मिळालं.

हा माझा अंदाज आहे, आणि तो तपासायची जागा आहे. एच. एन. सिन्हांसारख्यांनी संपादित केलेले रेसिडेन्सीच्या पत्रव्यवहाराचे खंड नागपुरातच छापले गेले. त्यांत जेन्किन्स अहवालाच्या संथ भाषेत बोलत नाही, रोजच्या घाईत बोलतो. घाईतला माणूस जास्त खरं सांगतो. मला वाटतं, तरुण अभ्यासकांनी अहवाल शेजारी ठेवून ती पत्रं महिन्यागणिक वाचावीत, विशेषतः जुलै ते ऑक्टोबर १८१८ ची. १८२७ मध्ये जो माणूस सगळं ठरल्याप्रमाणे झालं असं लिहितो, तो त्या पावसाळ्यात काय लिहीत होता?

एक दोन शब्द ‘पहिला स्वातंत्र्यसंग्राम’ या पाटीबद्दल. हल्ली ती सीताबर्डीलाही लावायची टूम निघालीय. मला ती पटत नाही. दीड वर्ष आधी ज्या माणसाने स्वतःच्या कारभारीपदासाठी तैनाती फौज दारात आणली, त्याच्या लढाईला ही पाटी लावली की २७ मे १८१६ हा दिवस लपवावा लागतो. आणि तो लपवला की राज्य कसं गेलं हेच कळेनासं होतं. नागपूरचं राज्य सीताबर्डीवर गेलं नाही हो, ते त्या घरातल्या भांडणात गेलं, जेव्हा भाऊबंदकीत पंच म्हणून रेसिडेंटला बोलावलं. १८५४ ला डलहौसीने ते खालसा केलं तेव्हा काढून घ्यायला फारसं उरलंच नव्हतं.

वेळ झाली. दोन प्रश्न घेतो.

(प्रश्न: आप्पासाहेबांचं पुढे काय झालं?)

असीरगडानंतर तो वेष बदलून उत्तरेला गेला. लाहोरला रणजितसिंहाच्या राज्यात, मग पहाडात मंडीला, शेवटी जोधपूरला. कंपनीने त्याला मागितलं, पण मारवाडच्या मानसिंहाने आलेल्या पाहुण्याला हवाली करायला नकार दिला आणि त्याची जबाबदारी स्वतःवर घेतली. १८४० मध्ये तो तिथेच वारला. म्हणजे नागपूरला तिसरे रघूजी राज्य करत होते त्या काळात बावीस वर्षं त्याच गादीचा आधीचा राजा जिवंत होता. कैदेत नाही, मेलेला नाही. ही गोष्ट त्या दरबारातल्या लोकांच्या मनात कशी वागत असेल, यावर कोणीतरी लिहायला हवं.

(प्रश्न: बाकाबाईंबद्दल तुम्ही फार बोलला नाहीत.)

खरं आहे. इंग्रजी ग्रंथांत १८१६ ची बाकाबाई कारस्थानी बाई आहे आणि १८१८ नंतरची शहाणी, वडीलधारी राणी. बाई तीच, मधल्या काळात ती कोणाच्या बाजूला आली एवढंच बदललं. १८५४ ला राज्य खालसा झालं तेव्हा तिने विरोध केला, १८५७ ला नागपुरात उठाव होऊ नये म्हणून आपलं वजन इंग्रजांच्या बाजूला टाकलं. त्या बाईचं एक नीट चरित्र मराठीत यायला हवं, आणि ते लिहिणाऱ्याने तिला आधी बाजूच्या रकान्यातून बाहेर काढावं. चहा तयार आहे असं मागून खुणावतायत. बाकीचं तिथे बोलू.